पेशीचा अमरपट्टा

अमरपट्टा घेऊन कोणी जन्माला येत नाही, असे लोक सहज म्हणून जातात. माणसाच्या बाबतीत ह्या म्हणण्यावर कोणाचा वाद असणार नाही. परंतु माणसाचे शरीर ज्या अब्जावधी पेशींचे बनलेले आहे, त्या एकेका पेशीच्या बाबतीत ते खरे आहे काय? शरीराबाहेर काढून, काचेच्या भांड्यात ठेवून, वेळच्या वेळी अन्नपाणी पुरविले तर पेशी आपली संतती वाढवीत किती काळ टिकेल? हा प्रश्न वरवर पाहता प्रयोगशाळेतील कुतूहलाचा वाटतो. प्रत्यक्षात मात्र त्याच्या पोटात माणसाच्या दोन मोठ्या भयांची मुळे दडलेली होती: एक वार्धक्य आणि दुसरा कर्करोग. त्याचे उत्तर मिळण्यास विसाव्या शतकाचा बहुतेक सर्व काळ खर्ची पडला. आणि ते मिळाले ते प्रथम रुग्णालयात नव्हे, तर फळांवरील माश्या, मक्याची कणसे आणि डबक्यातील एक क्षुद्र जीव यांच्या अभ्यासातून.

ह्या कथेचा आरंभ एका प्रचंड चुकीने होतो. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत अलेक्सी कॅरेल नावाचे फ्रेंच शल्यविशारद काम करीत होते. १९१२ च्या जानेवारी महिन्यात त्यांनी कोंबडीच्या गर्भातील हृदयाचा एक लहानसा तुकडा काचपात्रात वाढविण्यास घेतला. त्याच वर्षी रक्तवाहिन्या सांधण्याच्या कौशल्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. काचपात्रातील ती पेशींची वसाहत वर्षामागून वर्षे वाढत राहिली. कोंबडीचे आयुष्य ते किती. पण तिच्या पेशी मात्र तिच्या आयुष्याच्या कितीतरी पलीकडे गेल्या. १९४४ मध्ये कॅरेल निवर्तले, तरी पेशी जिवंतच होत्या. १९४६ मध्ये त्यांचे संवर्धन जाणूनबुजून थांबविण्यात आले. ह्या प्रयोगावरून एक सिद्धान्त दृढ झाला. पेशी मूलतः अमर आहे; मरण येते ते शरीराच्या एकत्र नांदण्यातून. पेशी मेल्या तर दोष पेशींचा नव्हे, सांभाळणाऱ्याचा.

इतर प्रयोगशाळांत पेशी काही काळाने मरत, हे अनेकांच्या अनुभवास येत होते. पण तो अनुभव सांगावयाचा कोणी? नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यास जे साधले ते आपल्यास साधत नाही, म्हणजे आपलेच हात अकुशल, अशी प्रत्येकाची समजूत होई, आणि तो मुकाट्याने भांडी धुऊन पुन्हा आरंभ करी. अधिकारी पुरुषाच्या शब्दाचा असा दरारा विद्येच्या क्षेत्रातही असतो. पुढे तज्ज्ञांनी असा तर्क केला की, कॅरेल यांच्या पेशींना अन्न म्हणून गर्भाचा जो अर्क वेळोवेळी दिला जाई, त्यातून नव्या ताज्या पेशी नकळत त्या भांड्यात पडत असाव्यात.

ह्या सिद्धान्ताला पाठबळ देणारी आणखी एक गोष्ट १९५१ मध्ये घडली. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार घेत होती. तिच्या अर्बुदाचा एक तुकडा, तिची संमती न घेता, जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पाठविण्यात आला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अवघ्या एकतिसाव्या वर्षी ती मरण पावली. परंतु तिच्या पेशी मेल्या नाहीत. चोवीस तासांच्या आसपास दुप्पट होत त्या आजतागायत वाढत आहेत. ‘हेला’ ह्या नावाने त्या जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचल्या. पोलिओच्या लशीपासून कर्करोगाच्या औषधांपर्यंत असंख्य संशोधनांना त्यांनी आधार दिला. ज्या बाईच्या देहातून त्या आल्या तिच्या मुलाबाळांना मात्र कित्येक वर्षे त्याची वार्ताही नव्हती. ह्या अन्यायाची चर्चा फार उशिरा सुरू झाली. येथे प्रस्तुत आहे ती एवढीच गोष्ट की, मानवी पेशी अमर असू शकते, हे हेला पेशींनी निःसंशय दाखविले. पण त्या कर्करोगाच्या पेशी होत्या. निरोगी पेशींचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेतील लिओनार्ड हेफ्लिक ह्या तरुण संशोधकाने दिले. त्याला खरे म्हणजे कर्करोगाच्या विषाणूंचा शोध घ्यावयाचा होता, आणि त्यासाठी मानवी गर्भातील निरोगी पेशी हव्या होत्या. त्याने त्या वाढविल्या. पेशी जोमाने वाढत, परंतु सुमारे पन्नास वेळा दुप्पट झाल्या की त्यांची गती मंदावे आणि अखेर विभाजन थांबे. दोष हातांचा की पेशींचा, हे ठरविण्यासाठी त्याने व त्याचा सहकारी पॉल मूरहेड याने एक साधी पण बिनतोड युक्ती योजिली. पुरुषगर्भाच्या, अनेक विभाजने झालेल्या ‘वृद्ध’ पेशी आणि स्त्रीगर्भाच्या ‘तरुण’ पेशी त्यांनी एकाच भांड्यात घातल्या. दोघींना अन्न तेच, ऊब तीच, हात तेच. काही काळाने पाहिले तो भांड्यात केवळ स्त्रीगर्भाच्या पेशी उरल्या होत्या. जुन्या पेशी आपला हिशेब पुरा करून थांबल्या होत्या. पेशी गोठवून ठेवल्या आणि पुन्हा उबेत आणल्या, तरी जेथे मोजणी थांबली होती तेथूनच ती पुढे चालू होई. कोठेतरी पेशीच्या पोटात एक खातेवही होती, आणि तीत प्रत्येक विभाजनाची नोंद पडत होती.

हेफ्लिक व मूरहेड यांचा निबंध एका मान्यवर नियतकालिकाने साभार परत केला. योग्य पोषण मिळाल्यास पेशी अमर्याद वाढते, हे तर सिद्धच आहे, असा त्या नकाराचा आशय होता. अखेर १९६१ मध्ये दुसऱ्या नियतकालिकाने तो छापला. पुढे १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट यांनी ह्या मर्यादेला ‘हेफ्लिक मर्यादा’ असे नाव दिले, आणि तेच रूढ झाले. ह्या कामाचा एक प्रत्यक्ष लाभ भारतातील घरोघरी पोहोचला आहे. हेफ्लिक यांनी सिद्ध केलेल्या पेशींवर विस्टार संस्थेतच रुबेलाच्या लशीचा विषाणू तयार करण्यात आला. आणि आज पुण्यात बनणाऱ्या गोवर-रुबेला लशीतील रुबेलाचा अंशही अशाच मर्यादित आयुष्याच्या मानवी पेशींवर वाढविला जातो. ज्या पेशींना मरण आहे त्याच लशीसाठी निर्धोक, हा त्यामागचा विचार होता. अमर पेशी म्हटली की कर्करोगाची शंका आलीच.

आता ती खातेवही कोठे आहे, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर ज्या दिशेने यावयाचे होते, त्या दिशेने दोन पावले वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच पडली होती. पण त्या दोन वाटा एकच आहेत, हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. पेशीच्या केंद्रात गुणसूत्रे असतात. वंशपरंपरेचा सर्व मजकूर त्यांत डी.एन.ए.च्या लांब धाग्यावर लिहिलेला असतो. हर्मन म्युलर हे शास्त्रज्ञ फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून त्यांची गुणसूत्रे तोडीत आणि तुटलेले तुकडे पुन्हा कसे जुळतात ते पाहत. तुकडे वाटेल तसे जुळत, पण गुणसूत्राचे मूळचे टोक गळालेला तुकडा टिकाव धरीत नसे, असे त्यांना आढळले. ह्या टोकात काही विशेष असले पाहिजे, असे त्यांनी १९३८ मध्ये सांगितले, आणि ‘शेवट’ व ‘भाग’ ह्या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्याला ‘टेलोमिअर’ असे नाव दिले.

त्याच सुमारास बार्बरा मॅक्लिंटॉक ह्या विदुषी मक्याच्या गुणसूत्रांचा अभ्यास करीत होत्या. गुणसूत्र तुटले की त्याची तुटकी टोके चिकट होतात व एकमेकांस जाऊन मिळतात. असे जोडगुणसूत्र पेशीच्या विभाजनात दोन्ही बाजूंनी ओढले जाते, पुन्हा तुटते, पुन्हा जुळते. आणि हे दुष्टचक्र चालूच राहते, असे त्यांनी १९४१ च्या सुमारास दाखविले. गुणसूत्राचे नैसर्गिक टोक मात्र कधी असे चिकटत नाही. दोरखंडाचे टोक उसवू नये म्हणून त्याला गाठ मारावी, तशी निसर्गाने गुणसूत्राच्या टोकास गाठ मारलेली आहे, एवढे ह्या दोघांच्या कामावरून स्पष्ट झाले. ती गाठ कशाची आहे, हे सांगण्याचे साधन तेव्हा कोणापाशी नव्हते.

डी.एन.ए.ची रचना १९५३ मध्ये उलगडली, आणि तिची प्रत पेशी कशी करते तेही हळूहळू समजू लागले. तेव्हा एक विचित्र अडचण लक्षात आली. प्रत करणारे वितंचक धाग्यावर एकाच दिशेने चालते, आणि आरंभ करण्यासाठी त्याला एका लहानशा तुकड्याचा टेकू लागतो. पुढे तो टेकू काढून टाकला जातो. मध्ये कोठे टेकू असेल तर त्याची जागा भरून काढता येते. पण अगदी टोकाशी असलेल्या टेकूची जागा रिकामीच राहते. दार नसलेल्या खोलीत जमीन सारवणाऱ्या बाईची जी गत व्हावी, तीच ह्या वितंचकाची होते. सगळी जमीन सारवून होते, पण जेथे तिचे स्वतःचे पाऊल टेकले आहे तेवढी जागा कोरडीच राहते. म्हणजे दर प्रतीगणिक धागा टोकाशी किंचित आखूड होणार.

मॉस्कोमधील अलेक्सेय ओलोव्हनिकोव्ह यांनी हेफ्लिक यांच्या कामावरील व्याख्यान ऐकले, आणि घरी परतताना भुयारी रेल्वेच्या स्थानकावर आगगाडी पाहत असता त्यांना ही कल्पना सुचली. गाडी जेथे उभी असते तेवढा रूळ तिला स्वतःला गाठता येत नाही, तसे हे आहे, असे त्यांना वाटले. १९७१ मध्ये त्यांनी लिहिले की, धाग्याचे हे झिजणे हीच पेशीची खातेवही असली पाहिजे. एवढेच नव्हे, तर जननपेशी आणि कर्करोगाच्या पेशी ज्या अर्थी झिजत नाहीत, त्या अर्थी त्यांच्यापाशी झीज भरून काढणारे एखादे विशेष वितंचक असले पाहिजे, हेही भाकीत त्यांनी केले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत जेम्स वॉटसन यांनीही टोकाच्या ह्या अडचणीकडे स्वतंत्रपणे लक्ष वेधले. ओलोव्हनिकोव्ह यांचा निबंध १९७३ मध्ये इंग्रजीत आला, तरी बराच काळ त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. हातात प्रयोग नसताना केवळ विचाराने एवढ्या दूरवर पाहणारी दृष्टी दुर्मिळ खरी.

प्रयोगाचा मान मिळाला तो टेट्राहायमेना नावाच्या एकपेशीय जीवास. तो गोड्या पाण्याच्या डबक्यांत राहतो. त्याच्या एका केंद्रात हजारो इवलीशी गुणसूत्रे असतात, म्हणजेच हजारो टोके असतात. टोकांचा अभ्यास करणाऱ्यास ह्याहून मोठी खाण कोठे मिळावी? टास्मानियात जन्मलेल्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न ह्यांनी येल विद्यापीठात जोसेफ गॉल यांच्या समवेत ती टोके वाचली. १९७८ मध्ये त्यांनी जाहीर केले की, त्या टोकांवर सहा अक्षरांचा एकच शब्द वीस ते सत्तर वेळा, जपमाळेच्या मण्यांप्रमाणे, पुन्हा पुन्हा येतो. त्या शब्दात कोणताही वंशसंदेश नाही. तो केवळ झिजण्यासाठी ठेवलेला काठ आहे. वस्त्राच्या दशा झिजाव्यात आणि मूळ वस्त्र वाचावे, अशी ही योजना. माणसाच्या टोकावरील शब्द थोडा वेगळा, पण तोही सहा अक्षरांचाच, हे १९८८ मध्ये समजले.

एका परिषदेत ब्लॅकबर्न यांचे भाषण जॅक शॉस्टॅक यांनी ऐकले, आणि दोघांनी मिळून एक धाडसी प्रयोग केला. टेट्राहायमेनाची टोके त्यांनी यीस्टमधील सरळ धाग्याला जोडली. यीस्टमध्ये असे उघड्या टोकांचे धागे टिकत नाहीत. पण ही परकी टोके लावताच ते टिकले. दोन इतके दूरचे जीव आणि गाठ मारण्याची रीत मात्र एकच, हे १९८२ मध्ये सिद्ध झाले. पुढे असेही दिसले की, त्या परक्या टोकांपुढे यीस्ट आपल्या स्वतःच्या पद्धतीचे शब्द जोडीत जाते. जोडीत जाते, म्हणजे जोडणारे कोणीतरी आहे.

त्या ‘कोणीतरी’चा शोध घेण्याचे काम बर्कली येथे ब्लॅकबर्न यांच्या विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर यांनी अंगावर घेतले. टेट्राहायमेनाच्या पेशींचा अर्क काढावयाचा, त्यात टोकाचा कृत्रिम तुकडा घालावयाचा, आणि त्याची लांबी वाढते काय ते किरणोत्सर्गी खुणेवरून पाहावयाचे, असा हा उद्योग होता. अनेक महिने काही हाती लागले नाही. १९८४ च्या नाताळच्या दिवशी त्या प्रयोगशाळेत आल्या आणि त्यांनी फिल्म धुऊन पाहिली. तीवर सहा-सहा अक्षरांच्या अंतराने पायऱ्यांची एक सुबक शिडी उमटलेली होती. हे नवे वितंचक ‘टेलोमरेज’ ह्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच्या पोटात आर.एन.ए.चा एक तुकडा साच्यासारखा बसविलेला असतो, आणि त्या साच्यावरून ते टोकाचा शब्द छापीत जाते, हेही पुढील पाच वर्षांत स्पष्ट झाले. ह्या कार्याबद्दल ब्लॅकबर्न, ग्रायडर व शॉस्टॅक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आतापर्यंतच्या ह्या साऱ्या उद्योगात कर्करोगाचे नाव क्वचितच आले. डबक्यातील जीवाचा अभ्यास करून माणसाच्या दुखण्यास काय उपयोग, असा प्रश्न एखाद्या हिशेबी माणसाने विचारला असता तर त्यास समाधानकारक उत्तर देणे कठीण गेले असते. पण १९८९ मध्ये ग्रेगरी मोरिन यांना टेलोमरेज मानवी पेशींत सापडले. आणि ज्या पेशींत ते सापडले त्या हेला पेशीच होत्या. हेन्रिएटा लॅक्स यांच्या मृत्यूस तोवर अडतीस वर्षे झाली होती, आणि त्यांच्या पेशींच्या अमरपट्ट्यावरील अक्षरे तेव्हा प्रथम वाचली गेली. पुढच्याच वर्षी कॅल्व्हिन हार्ली, ब्रूस फुचर व ग्रायडर यांनी दाखविले की, निरोगी मानवी पेशींची टोके दर विभाजनास आखूड होत जातात. हेफ्लिक यांची खातेवही सापडली. तीतून नोंदीगणिक साधारण पन्नास ते दोनशे अक्षरे वजा होतात.

१९९४ मध्ये ह्या सर्वांवर कळस चढविणारी मोजदाद प्रसिद्ध झाली. टेलोमरेज ओळखण्याची एक अतिशय सूक्ष्म कसोटी तयार झाली होती, आणि तिने माणसाच्या पेशी व अर्बुदे तपासण्यात आली. प्रयोगशाळेतील १०० अमर पेशीवंशांपैकी ९८ मध्ये टेलोमरेज मिळाले. मर्यादित आयुष्याच्या २२ पैकी एकातही नाही. बारा प्रकारच्या कर्करोगांच्या १०१ नमुन्यांपैकी ९० मध्ये ते मिळाले. निरोगी शरीरपेशींच्या ५० नमुन्यांपैकी एकातही नाही. पुढे अधिक बारकाईने पाहता मूळपेशी आणि काही पांढऱ्या रक्तपेशी यांच्यात ते अल्प प्रमाणात असते, असे दिसून आले. तरीही मुख्य गोष्ट कायम राहिली. बहुतेक शरीरपेशींत टेलोमरेज जन्मापूर्वीच बंद केले जाते, आणि दहांपैकी सुमारे नऊ कर्करोगांत ते पुन्हा चालू झालेले आढळते.

येथे एक शंका मनात येते. शरीराने हे वितंचक बंद तरी का करावे? सर्वच पेशींना अमर केले असते तर काय बिघडले असते? ह्याचे उत्तर कर्करोगाच्या घडणीतच आहे. कर्करोगाची पेशी एका दिवसात निर्माण होत नाही. वंशद्रव्यात एकामागून एक दोष साचावे लागतात, आणि प्रत्येक दोषासाठी पुष्कळ विभाजने व्हावी लागतात. विभाजनांना मर्यादा असेल तर दोषी पेशी पुरती बिघडण्याआधीच थांबते. टोक फार आखूड झाले की पेशीचे पहारेकरी, विशेषतः पी-५३ नावाचे प्रथिन, धोक्याची सूचना देते आणि विभाजन कायमचे बंद पडते. म्हणजे पेशीचे वार्धक्य हे शरीराचे संरक्षण आहे.

पण हे पहारेकरीच निकामी झाले, तर? मग पेशी सूचना न जुमानता विभागत राहते, आणि टोकांची गाठ पार झिजून जाते. उघडी पडलेली गुणसूत्रे एकमेकांस चिकटतात, ओढली जातात, तुटतात, पुन्हा चिकटतात. मॅक्लिंटॉक यांनी मक्यात पाहिलेले तेच दुष्टचक्र माणसाच्या पेशीत सुरू होते. बहुतेक साऱ्या पेशी ह्या अरिष्टात मरतात. कोट्यवधींत एखादी टेलोमरेज पुन्हा जागे करून निभावून जाते. पण तोवर तिची गुणसूत्रे छिन्नविच्छिन्न झालेली असतात, आणि ती सारी विकृती घेऊनच ती अमर होते. महाभारतातील अश्वत्थामा चिरंजीव झाला तो भळभळती जखम कपाळी घेऊन. कर्करोगाच्या पेशीचे चिरंजीवित्वही तसलेच आहे. म्हणूनच कर्करोगाच्या पेशींची टोके पुष्कळदा निरोगी पेशींहूनही आखूड असतात, हे वरवर कोडे वाटणारे निरीक्षण सहज उलगडते. त्या आखूड टोकांवर, रोजच्या कमाईवर, त्या तगून असतात.

टेलोमरेजच्या मुख्य प्रथिनाचे जनुक १९९७ मध्ये हाती आले. टॉम चेक यांच्या प्रयोगशाळेत एका दुसऱ्याच एकपेशीय जीवातून ते प्रथिन शुद्ध करण्यात आले आणि त्यावरून मानवी जनुक सापडले. रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या चमूलाही ते त्याच वर्षी मिळाले. १९९८ मध्ये ते जनुक निरोगी मानवी पेशींत घातले, तो त्या हेफ्लिक मर्यादा ओलांडून वाढत राहिल्या. तरीही त्या कर्करोगी झाल्या नाहीत. १९९९ मध्ये वाइनबर्ग यांच्याकडे त्यासोबत एका विषाणूचे पहारेकऱ्यांना निष्प्रभ करणारे जनुक आणि वाढीस चेतविणारे ‘रास’ नावाचे जनुक घातले, तेव्हा मात्र खरे अर्बुद निर्माण झाले. म्हणजे अमरत्व हे कर्करोगाचे कारण नव्हे. ती त्याची एक अट आहे.

निरोगी पेशीत ह्या साऱ्यावर केवढा बंदोबस्त असतो, तेही पुढे दिसून आले. टोकाचा धागा मागे वळून स्वतःतच खोचलेला असतो, असे १९९९ मध्ये जॅक ग्रिफिथ व टिटिया डी लँग यांनी सूक्ष्मदर्शकातून दाखविले. त्याभोवती सहा प्रथिनांचे एक कवच असते. टोक लांब झाले की कवचातील प्रथिने जास्त बसतात आणि टेलोमरेजला अटकाव करतात. आखूड झाले की प्रथिने कमी होतात आणि वाट मोकळी होते. अशी ही मोजूनमापून चाललेली व्यवस्था आहे. कर्करोग तिच्यातील फटी शोधतो. २०१३ मध्ये असे आढळले की, मेलानोमा ह्या त्वचेच्या कर्करोगात बहुसंख्य रुग्णांच्या अर्बुदांत टेलोमरेजच्या जनुकाच्या आरंभी एकच अक्षर बदललेले असते, आणि तेवढ्याने ते बंद जनुक चालू होते. मेंदू, मूत्राशय व यकृत यांच्या कर्करोगांतही हा बदल वारंवार दिसतो. आणि शंभरांपैकी दहा-पंधरा कर्करोग तर टेलोमरेजशिवायच, दुसऱ्या गुणसूत्राच्या टोकावरून नक्कल करून, आपली टोके राखतात. ही आडवाट ऑस्ट्रेलियात रॉजर रेडेल व ट्रेसी ब्रायन यांनी १९९५ मध्ये उजेडात आणली.

शत्रूचा असा नेमका ठावठिकाणा लागल्यावर औषध लवकरच मिळेल, अशी आशा वाटणे स्वाभाविक होते. १९९५ मध्येच हेला पेशींतील टेलोमरेजचा साचा अडविला, तेव्हा त्या तेवीस ते सव्वीस वेळा दुप्पट होऊन मरू लागल्या होत्या. अमर म्हणविणाऱ्या पेशींनाही मरण आणता येते, हे त्यातून कळले. पण अडचणही त्यातच दिसली. औषध देताच अर्बुद थांबत नाही. टोके झिजून जाईपर्यंत वाट पाहावी लागते, आणि रुग्णापाशी तेवढा वेळ असेलच असे नाही. त्यातच रक्त निर्माण करणाऱ्या निरोगी मूळपेशींनाही टेलोमरेज थोडेफार लागते. ह्या तत्त्वावर तयार झालेले इमेटेलस्टॅट हे औषध फुप्फुसाच्या कर्करोगात अपेक्षेस उतरले नाही. ज्यांत अस्थिमज्जा निकोप रक्तपेशी तयार करू शकत नाही व रुग्णास वरचेवर रक्त द्यावे लागते, अशा एका रक्तविकाराच्या काही रुग्णांसाठी मात्र त्याला अमेरिकेत जून २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ग्रायडर यांच्या फिल्मवर ती शिडी उमटल्यापासून हे पहिले औषध रुग्णाच्या हाती पडेपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे लोटली.

ह्याच कालखंडात दुसऱ्या बाजूने एक मोह वाढत होता. टोके झिजणे म्हणजे म्हातारपण, तर मग टोके वाढवून तारुण्य का मिळवू नये? निसर्गाने ह्याचाही जबाब आधीच लिहून ठेवला आहे. ज्यांच्यात जन्मतः टेलोमरेजची उणीव असते, अशा लोकांची अस्थिमज्जा व फुप्फुसे अकाली निकामी होतात, हे खरे. परंतु टोकांच्या कवचातील एका प्रथिनात जन्मतः दोष असलेली, आणि त्यामुळे टोके नेहमीपेक्षा लांब राहणारी कुटुंबेही २०१४ मध्ये आढळली. त्यांच्यात मेलानोमाचे प्रमाण अधिक होते. फार आखूड असून चालत नाही आणि फार लांब असूनही चालत नाही. जे आहे ते एक तडजोड आहे, आणि ती फार जुनी आहे.

कॅरेल यांना पेशीचे अमरत्व हे तिचे भूषण वाटले होते, आणि मरण हा सांभाळणाऱ्याचा अपराध. शंभर वर्षांच्या शोधाने हा निवाडा उलटा केला आहे. शरीर हे पेशींचे राज्य आहे, आणि प्रत्येक पेशीने आपल्या वाटची कामे करून वेळ येताच जागा मोकळी करावी, ह्या नियमावर ते चालते. तो नियम मोडून अमरपट्टा बळकावणारी पेशी अखेर त्या राज्यासह स्वतःचाही नाश ओढवून घेते. हेला पेशींना काचपात्राचा आश्रय मिळाला म्हणून त्या उरल्या. ज्या शरीरात त्या जन्मल्या ते शरीर, त्यांच्याच हातून, एकतिसाव्या वर्षी संपले.